लस लागली का, सिस्टर?

उभी हयात लोकांच्या दंडात सुई टोचून औषध आत घालण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर काम मिळालं ते सुई टोचून रक्त बाहेर काढायचं. आमचे हे म्हणाले, "दिलेलं वापस घेऊन राहिलीस का काय लोकांकडून?" म्हणेनात का. घरात बसून मालिका बघण्यापेक्षा बरं, असा विचार करून मी होकार दिला आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात जो गोंधळ सुरू झाला तो आजतागायत थांबलेला नाही. हा लेख वाचून तो तुमच्याही डोक्यात शिरला तर दिवाळीची भेट समजा.

काम असं होतं. मेंदूज्वराचे प्रकार बरेच आहेत. आमचा संबंध होता त्यातल्या जंतूंमुळे होणाऱ्या एका प्रकाराशी. हा जंतू कितीतरी धडधाकट माणसांच्या घशात गुपचूप राहतो, कुणाला काही करत नाही. एखाद्याच्या मात्र रक्तात शिरतो, मेंदूवरच्या पडद्याला सूज आणतो, आणि सकाळी चहा पिऊन कामाला गेलेलं माणूस दिवस मावळायच्या आत बेशुद्ध होतं. त्यावर लस आहे. लस टोचली की आपलं काम संपलं, असं आम्ही सिस्टर लोक समजत आलो. पण टोचल्यावर अंगात पुढे काय होतं, कुणाच्या रक्तात किती ताकद येते, ती किती टिकते, हे काही डॉक्टर मंडळींना बघायचं होतं. लस द्यायच्या आधी रक्त घ्यायचं, काही आठवड्यांनी पुन्हा घ्यायचं आणि दोन्ही ताडून पाहायचं. त्यासाठी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत घरोघर जाऊन समजावून सांगणारं आणि रक्त घेणारं माणूस त्यांना हवं होतं. माझा हात हलका आहे, हे मी सांगत नाही, दोन्ही जिल्ह्यांतले दंड सांगतात.

रक्त घेणं सोपं. अवघड ते समजावून सांगणं. आमच्या डॉक्टर मॅडम पुण्यात शिकलेल्या, बाई हुशार, पण त्यांचं आवडतं वाक्य होतं, "तसं नक्की सांगता येत नाही." आता मला सांगा, लोहा गावातल्या एखाद्या बाईच्या ओसरीवर बसून, तिचा चहा पिऊन, तिचं रक्त घेऊन झाल्यावर "सांगता येत नाही" असं कसं सांगायचं? ती म्हणणार, मग आलीस कशाला?

कारण आमच्याकडे लोकांचा प्रश्न एकच असतो. "लागली का?" हा लागणे शब्द मोठा लबाड आहे. ठेच लागते, नजर लागते, वेड लागतं; आणि आंब्याचं कलमही लागतं, खाल्लेलं अंगी लागतं. लसही तशीच, कुणाला लागते, कुणाला लागत नाही, असं लोक धरून चालतात. त्यामागे कारण आहे. जुन्या काळी देवीची लस टोचली की दंडावर फोड उठायचा. उठला तर लागली, नाही उठला तर पुन्हा टोचायची. माझ्या सासूबाईंच्या दंडावर रुपयाएवढा वण होता आणि तो त्या दागिन्यासारखा दाखवायच्या. पुढे फोड न येणाऱ्या लसी आल्या, तेव्हा लोकांनी फोडाची जागा तापाला दिली. रडणाऱ्या पोराच्या आईला आम्ही सगळ्याच सिस्टर सांगत आलो, "ताप आला ना? म्हणजे लस लागली. भिऊ नका." आईचा जीव भांड्यात पडायचा आणि आम्ही पुढच्या दंडाकडे वळायचो.

लातूरला एका डाळ मिलचे मुनीमजी होते. लस घ्यायला तयार झाले, बाही वर केली आणि मॅडमना विचारलं, "ह्याच्यात असतं तरी काय?" मॅडमनी हौसेने सांगितलं की या जंतूच्या अंगावर साखरेचं आवरण असतं, तीच साखर वेगळी काढून, तिला एक प्रथिन जोडून ही लस बनवतात, म्हणजे शरीर तो कोट ओळखायला शिकतं आणि पुढे खरा चोर आला की पकडतं. इतकं सोपं मॅडम पहिल्यांदाच बोलल्या असतील. मुनीमजींनी बाही खाली केली. "साखर? मला शुगर हाय की, बाई! जिलबी सोडली, चहा बिनसाखरेचा पिऊन राहिलो, अन् तुमी सुईतून साखर घालायलात?" मॅडम म्हणाल्या, ही ती साखर नव्हे. मुनीमजी म्हणाले, "साखर ती साखर. आमच्या बाजारात ही तूर ती तूर नव्हे म्हनून चालत न्हाई." गेले. त्यानंतर मी साखरेचं नावही काढू दिलं नाही. आम्ही नुसतं "कोट" म्हणायला लागलो.

नांदेडात एक चाचा-चाची होते. हजला जाणाऱ्यांना ही लस घ्यावीच लागते, तशी दोघांनी घेतली होती आणि आम्हाला रक्त द्यायलाही तयार झाले होते. चाचांचा दंड सुजून टम्म झाला. चाचींना काहीच नाही. चाचा काळजीत. "सिस्टर, मेरेकू तो लगी. इनकू कुच नै हुआ. इनकू और एक मारो." चाची पदराआडून हसत होत्या. पुढे रक्ताचे आकडे आले तेव्हा चाचींची ताकद चाचांपेक्षा कितीतरी जास्त निघाली. सूज आली म्हणजे लस लागली आणि नाही आली म्हणजे नाही लागली, या हिशोबाला काही अर्थ नाही, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणजे इतकी वर्षं आम्ही काय सांगत होतो?

ही ताकद मोजतात कशी, तेही सांगते, कारण पुढचं समजायला ते लागेल. रक्तातलं वरचं पिवळसर पाणी घेतात आणि जिवंत जंतूंवर घालतात. जंतू मेले की नाही ते बघतात. मग ते पाणी पातळ करतात, पुन्हा घालतात. अजून पातळ, पुन्हा. येसराच्या, म्हणजे आमच्याकडच्या तिखट मसाल्याच्या, आमटीत पाणी ओतत जा आणि कितव्या वेळेला तिखट लागेनासं होतं ते बघा, तसंच. लई पाणी ओतूनही झटका बसला तर येसर जोरदार. पहिल्याच तांब्याला आमटी सपक झाली तर समजायचं, की काही खरं नाही. एवढं मला समजलं. पण सपक निघालेला माणूस आजारी पडेलच असं नाही, आणि जोरदार निघालेला कधीच पडणार नाही असंही नाही, असं मॅडम म्हणाल्या की माझं डोकं परत फिरायचं.

आता प्रज्ञाचं सांगते.

प्रज्ञा हदगावची. वडील गौतमराव पंचायत समितीत कारकून, आई सुमनताई घरचं शेत बघणाऱ्या. गौतमरावांचे वडील दुसऱ्याच्या शेतात राबले, गौतमराव टेबलाशी बसले, आणि आता लेकीने डॉक्टर व्हायचं असं घरात ठरलेलं. ठरवलं होतं लेकीनेच, बापाने फक्त हो म्हटलं होतं. ती लातूरला क्लासला होती आणि एका हॉस्टेलात राहायची, जिथे खोली एक आणि खाटा एकीला एक लावून. सुट्टीत घरी आली असताना ती बसलेली ऑटो उलटली. पोटाला मार बसून पानथरी फुटली. पानथरी म्हणजे डाव्या बरगडीखालचा तो मऊ अवयव, ज्याला डॉक्टर प्लीहा म्हणतात. नांदेडला ऑपरेशन करून ती काढावी लागली. पोरगी वाचली. माणूस पानथरीवाचून जगतो, पण रक्तातले कोट घातलेले जंतू गाळून धरायची चाळणीच गेलेली असते. म्हणून अशा माणसाला आमची लस लागणं, म्हणजे अंगी लागणं, फार गरजेचं. आणि पंचाईत अशी, की पानथरी नसलेल्यांनाच ती नीट लागत नाही.

प्रज्ञाला पहिला डोस दिला. निकाल सहसा आम्ही ज्याचा त्याला कळवत नव्हतो. पण हिच्या बाबतीत मॅडमनी सांगायचं ठरवलं. नांदेडच्या ऑफिसातून कुणीतरी गौतमरावांना फोन करून सांगितलं, "निगेटिव्ह आहे." आता कोरोनाने आमच्या भागाला दोन शब्द कायमचे शिकवलेत. पॉझिटिव्ह म्हणजे मेलो, निगेटिव्ह म्हणजे सुटलो. गौतमरावांनी पंचायत समितीत पेढे वाटले.

त्यांना उलटं सांगायला मला हदगावला पाठवलं. मी ओसरीवर पाय ठेवला न ठेवला, सुमनताईंनी माझ्या हातावर पेढा ठेवला. तो मी खाल्ला. काय करणार? तोंडात पेढा घेऊन मी सांगितलं, की इथे निगेटिव्ह म्हणजे लस लागली नाही. गौतमरावांनी विचारलं,

"म्हंजे पॉझिटिव्ह चांगलं?"

"हो."

"मंग कोरोनात का वाईट होतं?"

तिथे जंतू शोधत होते, इथे जंतू मारायची ताकद शोधतोय, असं मी समजावलं. ते म्हणाले, "सिस्टर, माणसानं हसावं का रडावं, एवढं तरी एक ठरवून द्या की तुमी लोकांनी." मला राग नाही आला. मला तेच मॅडमना विचारायचं होतं.

ठरल्याप्रमाणे दुसरा डोस दिला. प्रज्ञा त्यासाठी लातूरहून आली, नांदेडला टोचून घेतलं आणि आईवडिलांबरोबर हदगावला गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मी नांदेडला घरी मेथी निवडत बसले होते, गौतमरावांचा फोन आला. आवाज एकदम खुशीत.

"जय भीम, सिस्टर! पोरीचं अंग नुसतं अंगार हाय बगा! ह्या बारीला लागली!"

खरं सांगते, पहिल्या क्षणी मलाही आनंदच झाला. एवढी वर्षं तेच वाक्य तोंडात बसलेलं. दुसऱ्या क्षणी हातातली मेथी टाकून उठले. पानथरी नसलेल्या माणसाला ताप म्हणजे घरात आग. तो लसीचा असू शकतो, आणि जंतूचाही असू शकतो. आणि जंतूचा असेल तर उजाडायची वाट बघत बसायचं नसतं.

"किती ताप आहे?"

"मोजला न्हाई. पण लई हाय. शेजारचे बी बघून गेले, म्हनले, मस्त लागली."

"गौतमराव, गाडी करा आणि आत्ता नांदेडला निघा."

"कामून?" त्यांचा आवाज उतरला. "तुमीच सगळ्या सिस्टर म्हनता ना, ताप आला की..."

"ज्यांच्या पोटात पानथरी आहे त्यांना म्हणतो हो आम्ही ते."

पलीकडून मग सुमनताईंचा आवाज ऐकू आला, "उठा की, काय ऐकत बसलात!" आणि फोन बंद झाला.

मी मॅडमना फोन लावला. म्हटलं, हा ताप लसीचा की जंतूचा? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही." माझं डोकं भडकणारच होतं, तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "म्हणून तर थांबायचं नाही. आधी अँटिबायोटिक, मग विचार." त्यांच्या त्या वाक्याचा उपयोग मला पहिल्यांदा समजला. माहीत नाही म्हणून हातावर हात ठेवून बसायचं नसतं, माहीत नाही म्हणूनच पळायचं असतं.

ते पोचायच्या आधी मी दवाखान्यात पोचले होते. प्रज्ञा चालत आत आली, डोळे लाल, आणि सगळ्यांवर चिडलेली. "सिस्टर, नुसता लसीचा ताप हाय हो. तुमी पप्पांना घाबरवून सोडलं. माझी क्लासची टेस्ट बुडून राहिली." तिच्या शिरेत सुई मीच घातली. घालताना हळूच विचारलं, कधीपासून अंग दुखतंय? तिने आधी दाराकडे पाहिलं. "सकाळपासून. सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर लातूरला जाऊ दिलं नसतं." गौतमराव तेवढ्यात दारात आले होते. त्यांनी ते ऐकलं. ते भिंतीला टेकून खाली बसले.

ताप उतरला. रक्तात जंतू वाढतो का ते बघितलं, काही वाढलं नाही. म्हणजे तो लसीचाच ताप होता का? की जंतू होता आणि आमच्या औषधाने तो आधीच मारला? मी मॅडमना विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हटलं, "राहू द्या, कळलं."

पुढे दुसऱ्या डोसाचा निकाल आला. पॉझिटिव्ह. आमटी फार झणझणीत नव्हती, पण सपकही नव्हती. या वेळी फोनवर सांगायचं नाही असं मी बजावलं आणि स्वतः हदगावला गेले. प्रज्ञा घरीच होती. ऑटो उलटल्यापासून तिच्या लातूरचं अर्धं वर्ष असंतसंच गेलं होतं आणि तिने परत जायचं की नाही, यावर घरात दोन पक्ष पडले होते.

"लागली," मी म्हटलं. "या वेळी खरंच लागली."

गौतमरावांनी डोळे मिटले. मग विचारलं, "म्हंजे आता ताप आला तर भ्यायचं काम न्हाई."

"भ्यायचं. पहिल्यासारखंच. मॅडमनी आता जवळ ठेवायला दिल्यात त्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घ्यायच्या आणि लगेच दवाखाना. जन्मभर."

"मंग लागली म्हंजे काय झालं?"

मी सांगायला लागले. ही लस या जंतूच्या काही जातींवर. कोट घातलेले दुसरे जंतूही असतात, त्यांच्या लसी वेगळ्या, त्याही हिला दिल्यात. पण चाळणी काही परत येत नाही. बोलता बोलता माझं मलाच वाटायला लागलं, की मी चांगली बातमी घेऊन आले होते ती कुठे गेली? गौतमराव म्हणाले, "सिस्टर, तुमचं म्हंजे धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मला काय कळंना. नको ते लातूर. तिथं एका खोलीत कोंबून ठेवतेत पोरी, एकीचा खोकला दुसरीला. मॅडमच म्हनल्या ना, हा जंतू गर्दीत पसरतो? घरी राहील. डॉक्टर न्हाई झाली तर न्हाई."

हे खरंच होतं. गर्दीत पसरतो. सुमनताई चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. तेवढ्यात प्रज्ञा बोलली.

"पप्पा, गर्दीत जंतू लागायची भीती हाय, खरं हाय. पण मला इथं लागला तर? इथून नांदेडला जायला गाडी बघावी लागती. त्या दिवशी किती येळ गेला, आठवा. लातूरला हॉस्टेलच्या मागच्या गल्लीत मोठा दवाखाना हाय. चालत जाईन मी."

मला हे सुचलं नव्हतं. मॅडमनाही सुचलं नव्हतं. धोका कुठे जास्त, हेच आम्ही सगळे बघत होतो. उपाय कुठे जवळ, हे त्या पोरीने बघितलं. ते बरोबर की चूक, याचा निवाडा मी आजही देऊ शकत नाही. दोन्ही पारड्यांत तीच होती. गौतमराव मग म्हणाले, "पन तू सांगत न्हाईस ना, बाई. अंग तापलं तरी सांगत न्हाईस."

ती लातूरला गेली.

आम्हाला ताकद किती टिकते हेही बघायचं होतं, त्यामुळे प्रज्ञा सुट्टीला आली की मी हदगावला जायचे. एकदा माझी चुकामूक झाली. मी पोचले तर ती त्याच दिवशी सकाळी लातूरला परत गेलेली. नांदेडची गाडी निघून गेली होती, म्हणून सुमनताईंनी जेवायला थांबवून घेतलं. ताटं वाढली. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. मी बसले, सुमनताई बसल्या, गौतमराव मात्र ताट समोर असून फोन हातात घेऊन उभे. मी म्हटलं, भाकरी गार होतेय. सुमनताई हळूच म्हणाल्या, "तुमी घ्या. रोजचंच हाय त्यांचं."

फोन लागला. आवाज मोठा केलेला होता, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"जेवलीस का?"

"हाव."

"अंग गरम हाय का?"

"न्हाई, पप्पा. थंड हाय."

"तुझ्या बाजूला कोण हाय?"

"लोह्याची अक्षरा हाय ना, नेहमीचीच."

"तिला दे फोन."

प्रज्ञा काहीतरी पुटपुटली. मग खाट करकरल्याचा आवाज आला आणि दुसरीच मुलगी बोलायला लागली. तिच्या बोलण्यावरून ही तिची रोजची कामगिरी दिसत होती. गौतमरावांना काही विचारावंही लागलं नाही. माझ्या हातातला घास हातातच राहिला आणि डोळ्यात पाणी आलं, ते मी ठेच्यावर ढकललं.

"काका, कपाळाला हात लावून बगितला," अक्षरा म्हणाली. "मानेला बी लावला. थंड हाय."

गौतमरावांनी फोन ठेवला, हात धुतले आणि जेवायला बसले.